वस्तीची वस्तू आणि आपली हरकत
(ज्युबिलीनिमित्त सदर, नागपूर येथे भरलेल्या धर्मग्रामाच्या सभेतील भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी गतकालाचे स्मरण व्हावे, हे योग्यच होय. पूर्वजांनी या सदर भागात देवालय उभारिले, शाळा काढिल्या, आजाऱ्यांची शुश्रूषा केली. त्यांचे ऋण आपणांवर आहे. परंतु ज्या वस्तीत हे देवालय उभे आहे, त्या वस्तीचेही काही ऋण आपणांवर आहे की नाही? मैदान, बाग, पाणी, झाडांची सावली या सर्वांच्या सोयी होत. त्यांविषयी नगरसंस्था निर्णय घेते तेव्हा आपण काय करावे, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

प्रारंभी आमचाच एक दोष कबूल करितो. काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका गावी सेवेस होतो. तेथे एक लहानसे मोकळे मैदान होते. मुले चेंडू खेळत; संध्याकाळी सर्व धर्मांची वृद्ध माणसे कडुलिंबाखाली बसत. त्या जागेचा उपयोग बदलण्याचा प्रस्ताव निघाला व हरकती मागविणारी नोटीस वर्तमानपत्रात आली. आम्ही ती वाचली, घडी घालून ठेविली, आणि कोणी वकील लिहील अशी मनाची समजूत घातली. वकिलांस वाटले, फादर लिहितील. मुदत टळली, एकही हरकत गेली नाही. पुढे मैदानाभोवती पत्रे लागले, तेव्हा एका मुलाने विचारिले, “फादर, आता आम्ही कुठे खेळायचं?” आम्हांपाशी उत्तर नव्हते. अधिकाऱ्यांस बोल लावण्याचीही सोय उरली नव्हती. कारण त्यांनी विचारिले होते, आणि आम्ही मौन धरिले होते.

आपल्याच भाषेच्या व आपल्याच धर्माच्या वसईकरांनी असे मौन धरिले नाही. वसईची पानवेल, केळी, फुले व भाजीपाला यांची कीर्ती जुनी. तेथील विहिरी आणि बावखळे यांवर ती हिरवळ पोसली. गेल्या शतकाच्या अखेरीस मुंबईचा पसारा तेथवर पोहोचला. 1990 साली त्या भागाच्या नियोजनाचा अधिकार सिडकोकडे गेला. हरित पट्ट्यात इमारती उठू लागल्या, टँकर भूगर्भातील पाणी उपसून नेऊ लागले. तेव्हा ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारे लोकांस जागे केले. धाकदपटशास ते भ्याले नाहीत. समितीत केवळ ख्रिस्ती नव्हते. पाणी आटले म्हणजे कोणाच्या विहिरीचे, हे पाणी धर्म विचारून ठरवीत नाही. हेच फादर 2020 साली धाराशिव येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि 2024 साली प्रभूच्या घरी गेले.

पुढे 2009 साली चार नगरपरिषदा व 53 गावे एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका स्थापिली गेली. अनेक गावकऱ्यांनी विरोध केला. आपली ग्रामपंचायत जाईल, करांचा भार वाढेल, शेतीवाडीचे रक्षण होणार नाही, ही त्यांची भीती होती. मोर्चे निघाले, उपोषणे झाली. 2011 साली शासनाने 29 गावे वगळण्याचा निर्णय घेतला. तो न्यायालयात अडकला. आणि 2024 साली शासनाने ती गावे महापालिकेतच ठेविली. कोणी म्हणेल, मग इतक्या खटाटोपाचे फळ काय? आमचे उत्तर असे की, लोकांस विचारल्यावाचून गावाचे भवितव्य ठरविता येत नाही, हे त्या लढ्याने राज्यकर्त्यांस शिकविले. हरलेली हरकत दप्तरी राहते. न केलेली हरकत कोठेच राहत नाही.

लांब जाण्याचेही कारण नाही. 2021 साली आपल्या नागपुरात अजनी येथील रेल्वे वसाहतीतील हजारो झाडे वाहतूक केंद्रासाठी तोडण्याचा बेत होता. नागरिकांनी लेखी हरकती दिल्या, झाडांखाली जमले, न्यायालयाचे दार ठोठाविले. तो बेत त्या रूपात तडीस गेला नाही. 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यात आणि 1966 च्या नगररचना कायद्यात हरकतीचा मार्ग आहे. 2005 च्या माहिती अधिकाराने कागदही पाहावयास मिळतात. दार आहे, ठोठाविणारा हात पाहिजे.

काही भाविक आम्हांस म्हणतात, “फादर, हे राजकारण; आपण मूठभर माणसे, आपण यात पडू नये.” त्यांची भीती आम्ही समजतो, तिला हसत नाही. परंतु नाबोथाची कथा आठवा. राजाला त्याचा द्राक्षमळा भाजीच्या बागेसाठी हवा होता; नाबोथाने वाडवडिलांचे वतन दिले नाही. खोट्या साक्षीवर त्यास दगडमार झाला. गावचे वडील त्या दिवशी गप्प राहिले नसते, तर? आणि शुभवर्तमानातील विधवा पाहा. अन्यायी न्यायाधीशापुढे तिच्यापाशी पैसा नव्हता, वशिला नव्हता. पुन्हा पुन्हा जाणे एवढेच तिचे बळ होते. पोप पायस अकरावे यांनी 1931 साली शिकविले की, लहान समाज जे स्वतः करू शकतो, ते मोठ्या सत्तेने हिरावून घेऊ नये. पण लहान समाजाने आपले काम केलेच नाही, तर हिरावून घेण्याजोगे तरी काय उरते?

आमचे म्हणणे भांडणाचे नव्हे. संत फ्रान्सिस दे सेल्स यांचे नाव आपल्या सदरमध्ये घरोघरी आहे. शाब्ले प्रांतात लोक त्यांचे प्रवचन ऐकावयास येईनात, तेव्हा त्यांनी आपले म्हणणे कागदावर लिहून घरोघरी पोहोचविले. त्यांची वाणी गोड होती, पण लेखणी मागे हटली नाही. 1923 साली ख्रिस्तसभेने त्यांस लेखकांचे आश्रयदाते ठरविले. हरकतीचा अर्ज असाच असावा: सत्य, सौम्य, मुदतीत, आणि शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी.

म्हणून आमची एक विनंती आहे. देवालयाच्या फलकावर मिस्सेच्या वेळा लावितो, त्यांच्या शेजारी यापुढे वस्तीसंबंधीच्या सार्वजनिक नोटिसाही लावू. दर महिन्यास दोघे तरुण त्या पाहतील, आणि हिंदू, मुसलमान, बौद्ध शेजाऱ्यांस दाखवितील. जेथे हरकत योग्य, तेथे पहिली सही आमची राहील.

त्या मुलास देण्याजोगे उत्तर आमच्यापाशी नव्हते. तुमच्या मुलांनी तो प्रश्न विचारला, तर निदान इतके सांगता यावे, की बाळांनो, आम्ही विचारिले होते.

प्रभू तुम्हांस आशीर्वाद देवो. आमेन.