नवोदयातील अहिराणी मूल

बुद्धिमान मुलांना अधिक वेगाने पुढे जाता यावे, या हेतूने १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ‘गतिनिर्धारक’ शाळांची कल्पना मांडली. तीच नवोदय विद्यालये. जळगाव-धुळ्याच्या खेड्यातील मूल पाचवीत प्रवेशपरीक्षा देते, सहावीपासून वसतिगृहात राहते. घरी अहिराणी, पुस्तकात मराठी, पुढे गणित-विज्ञान इंग्रजीत. नववीत काहींना वर्षभर हिंदीभाषक प्रांतातील नवोदयात पाठवतात. एकात्मतेचा हा पाठ व्यासपीठावरील भाषणांहून निश्चितच मोलाचा! परंतु दहा-अकरा वर्षांच्या जिवाला या वेगाची किंमतही मोजावी लागते. सुट्टीत घरी आल्यावर ते आजीशी अहिराणी बोलायला लाजते, आणि पालक त्यातच प्रगती पाहतात. आजीने मात्र ‘कसा शेस रे?’ असेच विचारत राहावे.