हिराबाई बडोदेकर : कलावंत स्त्रीच्या श्रमाची प्रतिष्ठा



मराठी रंगभूमीच्या इतिहासात १९०५ हे वर्ष आणि मिरज हे गाव यांचा उल्लेख बहुधा एकाच कारणाने होतो. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांनी किर्लोस्कर नाटक मंडळीत शकुंतलेच्या भूमिकेने रंगभूमीवर पहिले पाऊल टाकले ते त्या वर्षी, त्या गावी. त्याच वर्षी, त्याच मिरजेत एका गवयाच्या घरी एक मुलगी जन्माला आली. तिचे घरातले नाव चंपाकली. पुढे महाराष्ट्राने तिला हिराबाई बडोदेकर या नावाने ओळखले. स्त्रीचे रूप, तिची लज्जा आणि तिचे दुःख रंगमंचावर पुरुषाने दाखवावे, प्रत्यक्ष स्त्रीने मात्र तेथून दूर राहावे, हा संकेत बालगंधर्वांच्या अलौकिक यशाने कळसाला पोचला. तो मोडण्याचे काम ज्या स्त्रियांनी केले त्यांत हिराबाईंचे स्थान मोठे आहे.

हिराबाईंचे गुणगान करणारे बहुतेक सारे एकच विशेषण वापरतात : सोज्वळ. त्यांचे गाणे सोज्वळ, त्यांचे बसणे सोज्वळ, दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदरही सोज्वळ. हे वर्णन खोटे नाही. पण ते अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणात एक सोयीस्कर विस्मृती दडलेली आहे. हिराबाईंनी समाजाकडून प्रतिष्ठेची भीक मागितली नाही. त्यांनी स्वतःच्या श्रमाचे मोल उघडपणे ठरवले आणि ते उघडपणे घेतले. त्यांच्या कार्याचा गाभा पदरापेक्षा तिकिटाच्या खिडकीत अधिक आहे.

त्यांच्या जन्मकथेतच जुन्या समाजरचनेला एक धक्का होता. उत्तरेकडील कैराना गावचे उस्ताद अब्दुल करीम खाँ बडोद्याच्या दरबारात गायक होते. तेथील सरदार माने यांची कन्या ताराबाई आणि खाँसाहेब यांनी एकत्र आयुष्य काढायचे ठरवले आणि बडोदे सोडले. एक हिंदू सरदाराची मुलगी, दुसरा मुसलमान गवई. एकोणिसावे शतक संपत असतानाची ही गोष्ट आहे. या संसारात सुरेशबाबू, कृष्णराव, हिराबाई, कमलाबाई आणि सरस्वतीबाई अशी पाच मुले झाली. पुढे, १९२०च्या दशकाच्या प्रारंभी, ताराबाई खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. मुलांची जुनी नावे गेली, नवी आली. माने आणि बडोदेकर ही आडनावे आली. त्या एकट्या बाईने मुलांना नाव दिले, छप्पर दिले आणि उपजीविकेचे साधनही दिले. ते साधन म्हणजे गाणे.

हिराबाईंची तालीम झाली ती थोरले बंधू सुरेशबाबू माने आणि किराणा घराण्याचेच उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे. सुराचा लगाव, संथ बढत आणि प्रत्येक स्वराला द्यावयाचा वेळ ही त्या घराण्याची शिस्त. तीत त्यांचा आवाज घडला. मुंबईला विष्णु दिगंबर पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या परिषदेत त्या गायल्या तेव्हा त्यांचे वय जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचे होते.

त्या काळी बाईच्या गाण्याची जागा ठरलेली होती. ती जागा म्हणजे बैठक : संस्थानिकाची, सावकाराची, एखाद्या शौकिनाची. तेथे ऐकणारा हा यजमान असे, आणि गाणारीला मिळे ती बिदागी. बिदागी देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते; त्या मर्जीत गाण्याखेरीज आणखी काय काय अभिप्रेत असे, हे सांगण्याची गरज नाही. भर सभेत, तिकीट लावून, कोणाही अनोळखी माणसाने ठरलेला दर देऊन ऐकावे अशा रीतीने बाईने गाणे, ही कल्पनाच अपरिचित होती. ती रूढ करणाऱ्या पहिल्या गायिकांमध्ये हिराबाई होत्या. नाट्यगृहात जलसा लावायचा, दर जाहीर करायचा, ठरल्या वेळी पडदा उघडायचा आणि गाऊन घरी जायचे, एवढाच हा व्यवहार. पण या साध्या व्यवहाराने एक मोठे नाते बदलले. यजमानाच्या जागी श्रोता आला, मेहेरबानीच्या जागी मोबदला आला. तिकीट काढणाऱ्याला गाण्यावर हक्क मिळाला, गाणारीवर नव्हे. श्रमाचा मोबदला आणि श्रमिकाची मालकी यांतला हा भेद कामगार चळवळीने कारखान्याच्या दारात मांडला. हिराबाईंनी तो नाट्यगृहाच्या दारात, एक शब्दही न बोलता, प्रत्यक्षात आणला.

त्याच बळावर हे कुटुंब रंगभूमीकडे वळले. पुण्यात ताराबाईंनी नूतन संगीत विद्यालय चालवले होते. १९२९ मध्ये त्याची नाट्यशाखा उभी राहिली. केवळ स्त्रियांच्या नाटकमंडळ्या महाराष्ट्रात त्याआधीही होत्या. त्यांत पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करीत, आणि प्रतिष्ठित प्रेक्षक त्यांच्याकडे कुतूहलाने, बव्हंशी तुच्छतेने पाहत. येथे वेगळी गोष्ट घडली. भाऊ आणि बहिणी एकाच रंगमंचावर उभे राहिले. स्त्रीची भूमिका स्त्रीने आणि पुरुषाची पुरुषाने केली. हिराबाई ‘सौभद्रा’तली सुभद्रा झाल्या. १८८२ मध्ये किर्लोस्करांनी हे नाटक रंगभूमीवर आणले तेव्हापासून भाऊराव कोल्हटकर आणि पुढे बालगंधर्व यांनी सुभद्रेला आपला आवाज दिला होता. प्रेक्षकांच्या मनात सुभद्रा म्हणजे पुरुषाने साकारलेली मूर्ती, हेच समीकरण पक्के होते. त्या मूर्तीशी तुलना होणार हे ठाऊक असूनही एक बाई त्या भूमिकेत उभी राहिली. अभिनयात त्या बालगंधर्वांना मागे टाकू शकल्या काय, हा प्रश्नच गैरलागू आहे. सुभद्रेचे पद सुभद्रेच्याच जातीच्या कंठातून ऐकण्याची सवय प्रेक्षकाला लागली, हे महत्त्वाचे. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले आणि ज्योत्स्ना भोळे, पद्माबाई वर्तक यांनी त्यात भूमिका केल्या. त्या घटनेला युगप्रवर्तक म्हटले जाते, ते योग्यच. पण ती वाट आधी थोडी तुडवली गेली होती, याचे स्मरण ठेवले पाहिजे.

मात्र रंगभूमीने हिराबाईंना जेवढे दिले त्याहून अधिक घेतले. नाटक मंडळी चालवणे म्हणजे बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारा कारखानाच. पडदे, पोशाख, साथीदार, गडीमाणसे, रेल्वेचे भाडे, मुक्कामाचा खर्च. खेळ झाला न झाला तरी रोजचा भटारखाना पेटवावाच लागे. तशात १९३२ पासून मराठी बोलपट आला आणि भल्याभल्या मंडळ्यांचा प्रेक्षक त्याने ओढून नेला. काही वर्षांतच ही मंडळी बंद पडली आणि कर्जाचा डोंगर मागे राहिला. त्या काळच्या अनेक नाटक मालकांची अखेर अशाच कर्जात झाली. हिराबाईंनी बोलपटांत भूमिका केल्या. बाबूराव पेंटरांच्या १९३७ मधील ‘प्रतिभा’ या चित्रपटात त्या दिसतात. पण त्यांचा खरा आधार राहिला तो जलशांचा. गावोगाव गाऊन मिळवलेल्या पैशातून त्यांनी ही देणी निवारली. सोज्वळतेची स्तुती करणाऱ्यांनी या कष्टांचा हिशेबही मांडावयास हवा.

येथे एक कठीण प्रश्न विचारला पाहिजे. समाजाने हिराबाईंना प्रतिष्ठा दिली. ती कोणत्या अटीवर? मध्यमवर्गाला मान्य होईल असा वेश, हावभाव वर्ज्य केलेले गाणे, कोठेही बोट ठेवता येणार नाही असे वर्तन, या अटींवर. हिराबाईंना त्या अटी जाचक वाटल्या असतील असे नाही. तो त्यांचा स्वभावच होता. पण तशी अट घालण्याचा अधिकार समाजाने स्वतःकडे घेतला, हे विसरता येत नाही. १९४६ च्या सुमारास सरकारी नभोवाणीने, ज्यांचे खाजगी आयुष्य लोकापवादाचा विषय आहे अशा गायिकांना दार बंद करण्याचे धोरण स्वीकारले. गवयांच्या खाजगी आयुष्याची तशी चौकशी करण्याची तसदी कोणी घेतली नाही. ज्या देशाच्या संगीताचा ठेवा कलावंतिणींच्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, त्या देशाने स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर त्याच घरांना अशी वागणूक द्यावी, हा कृतघ्नपणाच होता.

हिराबाईंसाठी उघडलेले दार सर्वांसाठी उघडले नाही, याचा पुरावा महाराष्ट्राच्या फडांवर आहे. विठाबाई नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. तमाशासम्राज्ञी म्हणून त्यांचा गौरव झाला. तरीही २००२ मध्ये त्या गेल्या त्या हलाखीत. त्यांचेही गाणे तिकीट लावूनच होत असे. फरक होता तो तंबू आणि नाट्यगृह यांतला, फडावरची लावणी आणि ख्याल यांतला. आणि खरे सांगायचे तर जातीतलाही. श्रम तेच, पण एका श्रमाला कला म्हटले गेले आणि दुसऱ्याला करमणूक.

हिराबाईंनी पुढे दीर्घ काळ गायन केले. पूर्व आफ्रिकेत आणि चीनमध्येही त्यांचा सूर पोचला. धाकट्या भगिनी सरस्वतीबाई राणे यांच्यासह त्यांनी जुगलबंदी गायली. दोन स्त्रियांनी बरोबरीने मैफल उभी करावी हा त्या काळी अपवादच होता. त्यांच्याकडे शिकलेल्या प्रभा अत्रे यांनी किराण्याची गायकी एकविसाव्या शतकापर्यंत आणली. १९६५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० मध्ये पद्मभूषण त्यांना मिळाले. २० नोव्हेंबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले.

मध्यमवर्गीय घरातली मुलगी गाणे शिकते, रंगमंचावर उभी राहते, मानधन ठरवून घेते, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही, यामागे हिराबाईंसारख्या बायकांचे कष्ट आहेत. त्यांचे स्मरण करायचे तर तसबिरीला हार घालून भागणार नाही. फडावर नाचणाऱ्या, ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या, मालिकांत दिवसपाळी-रातपाळी करणाऱ्या प्रत्येक स्त्रीला ठरलेला मोबदला वेळेवर मिळावा, आजारपणात आणि म्हातारपणी आधार मिळावा, आणि तो मिळण्यापूर्वी तिच्या सोज्वळतेचा दाखला कोणी मागू नये. हिराबाईंनी श्रोत्यांकडून फक्त तिकिटाचे पैसे घेतले. समाजाकडे त्यांचे जे येणे राहिले आहे, ते या मार्गाने फेडता येईल.