फुटलेली शाखा, परतीची वाट



शके १५०६ मध्ये एकनाथांनी पाठभेदांनी ग्रासलेली ज्ञानेश्वरी शुद्ध केली, आणि ती शुद्ध प्रतच प्रमाण ठरली. संगणकाच्या क्षेत्रातही काहीसे असेच घडले.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली जीसीसी हा संकलक प्रसिद्ध केला. संकलक म्हणजे माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्रभाषेत उतरविणारा दुभाषी. पुढे त्यात सुधारणा स्वीकारण्यास विलंब होऊ लागला. तेव्हा १९९७ मध्ये काही जाणकारांनी ईजीसीएस ही स्वतंत्र शाखा काढली. मूळ परवान्याने तशी मोकळीक दिलीच होती. त्यांनी विखुरलेल्या सुधारणा एकत्र केल्या, काम सर्वांस खुले ठेवले; स्वामित्वहक्क मात्र मूळ संस्थेकडेच सोपवीत राहिले. त्यामुळे परतीची वाट मोकळी राहिली. एप्रिल १९९९ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्या शाखेच्या मंडळाकडेच जीसीसीची धुरा दिली.

मित्रहो, तरुणपणी मीही एका मंडळातून फुटलो. निघताना दप्तरही उचलून नेले. ती दोन मंडळे पुन्हा कधी एक झाली नाहीत. खजुरीच्या या शाळेतील मुलांनी मतभेद अवश्य करावेत, वेगळी वाट जरूर धरावी. पण दप्तर तेवढे जागेवर ठेवावे, एवढीच माझी विनंती.