हंगामी वाहने : त्यांची नोंदणी व विमा
(वार्षिक मेळाव्यात मिरज येथे दिलेले भाषण)



आजचा विषय रुक्ष आहे, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु ज्या विषयाच्या अज्ञानाने एखाद्या कुटुंबाचे शेत विकले जाऊ शकते, तो विषय रुक्ष म्हणून टाळणे शहाणपणाचे नव्हे.

आपल्या समाजात ट्रॅक्टर व ट्रॉल्या बाळगणारी घरे पुष्कळ आहेत. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांची धुराडी पेटली म्हणजे ही वाहने रस्त्यावर येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी गळीत हंगाम आटोपला की गोठ्याशेजारी उभी राहतात. कित्येकांची मुले पुण्यामुंबईस असतात व त्यांची गाडी येथे दिवाळीत आणि मे महिन्यातच काय ती फिरते. अशा वेळी मनात सहज येते की, गाडी उभीच आहे, मग विम्याचा हप्ता कशास भरावा?

कायदा काय म्हणतो ते प्रथम पाहू. अपघातात सापडलेल्या परक्या माणसाची भरपाई करणारा, म्हणजे तृतीय पक्षाचा विमा, आपल्या देशात १९४६ पासून सक्तीचा आहे. सध्याचा मोटार वाहन कायदा १९८८ चा असून त्याच्या १४६ व्या कलमाप्रमाणे या विम्यावाचून कोणतेही वाहन सार्वजनिक जागी वापरता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास २,००० रुपये व पुढील गुन्ह्यास ४,००० रुपये दंड अथवा तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. परंतु खरे भय दंडाचे नाही. विमा नसताना कोणी दगावल्यास न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई मालकास पदरची द्यावी लागते, आणि ती रक्कम लाखांच्या घरात जाते.

आता कोणी म्हणेल, आमचा ट्रॅक्टर पावसाळ्यात रस्त्यावर येतच नाही. त्यांनी ऑगस्ट २०१९ आठवावा. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असता कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर चढले. कृष्णाघाट, ढवळी, म्हैसाळ या बाजूंची माणसे व जनावरे हलविण्यास त्या वेळी कोण धावले? हेच उभे ट्रॅक्टर. २०२१ साली पुन्हा तोच प्रसंग आला. म्हणजे ज्या महिन्यांत आपण विमा निरर्थक समजतो, त्याच महिन्यांत अंधारात, पाण्यातून, माणसे भरलेली ट्रॉली चालविण्याची पाळी येते. परोपकाराच्या त्या घडीला कागद अपुरा असणे ही मोठी आपत्ती होय.

दुसरी गोष्ट पुराच्या नुकसानीची. केवळ तृतीय पक्षाचा विमा असल्यास आपल्या स्वतःच्या वाहनाची एक पैचीही भरपाई मिळत नाही. नदीकाठच्या घरांनी स्वतःच्या नुकसानीचा विमाही घ्यावा. तसेच पाण्यात बुडालेल्या वाहनाचे इंजिन उतावळेपणाने सुरू करू नये. त्याने इंजिन मोडते व त्या मोडीची भरपाई देण्यास कंपनी हरकत घेते. आधी छायाचित्रे काढावी, कंपनीस कळवावे, मग कारागीर बोलवावा. पूर्ण विम्याची मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण न केल्यास, दावा न केल्याबद्दलची सवलत, जी पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत जाते, ती समूळ नष्ट होते. चार महिन्यांचा हप्ता वाचवू पाहणारा असा वर्षानुवर्षांची सवलत घालवून बसतो.

तिसरी गोष्ट ट्रॉलीची. ट्रॉली हे कायद्याने वेगळे वाहन आहे. तिची नोंदणी वेगळी हवी व विम्यातही तिचा उल्लेख हवा. शेतीकामासाठी विमा उतरविलेला ट्रॅक्टर भाड्याच्या वाहतुकीस लावल्यास अपघातानंतर कंपनी हात वर करू शकते. ऊसतोडीच्या टोळीस ट्रॉलीवर बसवून नेतात, त्या गोरगरिबांच्या जिवाचा भारही साधारणपणे विम्यात येत नाही. त्यांच्या मुलाबाळांचा विचार मालकाने हंगामापूर्वीच करावयास हवा. मुकादमास उचल दिली म्हणजे आपले कर्तव्य संपले असे नव्हे.

नोंदणीविषयी थोडक्यात सांगतो. खाजगी गाडीची व शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षे चालते. पुढे पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. मालवाहू वाहनास योग्यता प्रमाणपत्र हवे. आठ वर्षांनंतर ते दरसाल घ्यावे लागते. ज्यांचा कर मुदतीमुदतीने भरावा लागतो, त्यांनी वाहन बंद ठेवावयाचे असल्यास परिवहन कार्यालयास आगाऊ लेखी कळवून पोच घ्यावी. मागाहून केलेली विनवणी तेथे चालत नाही. मालक निवर्तल्यास वारसांनी ३० दिवसांत कळवावे व तीन महिन्यांत वाहन आपल्या नावे करून घ्यावे. वडिलांच्या नावाचा ट्रॅक्टर दहा-दहा वर्षे तसाच चालविणारी घरे आपल्यात आहेत. दुर्दैवाने अपघात झाला तर भावाभावांत वितुष्ट येण्यास तेवढे कारण पुरते.

यावर उपाय सोपा आहे. शाळेत हजेरीपट असतो तशी एक वही प्रत्येक घरी असावी. प्रत्येक वाहनास एक पान द्यावे व त्यावर नोंदणी, विमा, कर, योग्यता आणि धूर तपासणी यांच्या मुदती लिहाव्या. विम्याची मुदत शक्यतो दसऱ्याच्या सुमारास येईल असे पाहावे, म्हणजे हंगामाच्या तयारीबरोबरच नूतनीकरण होईल. विमापत्र हाती येताच गाडीचा क्रमांक व वापराचा प्रकार स्वतः वाचून पाहावा. दलालाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. आपल्या संस्थेच्या तरुणांनी दरवर्षी भाद्रपदात एक रविवार ठरवून वडीलधाऱ्यांच्या या वह्या तपासून द्याव्या, अशी आमची नम्र सूचना आहे. आता हे कागद मोबाइलवरही पाहता येतात आणि ती विद्या तरुणांपाशीच आहे.

बंधुभगिनींनो, दसऱ्यास आपण वाहनाची पूजा करतो, त्यास झेंडूची माळ घालतो. त्या दिवशी त्याच्या कागदांवरूनही एकदा नजर फिरवावी.