शेवरोलेचं मॅनिफोल्ड

उस्मानपुऱ्यात संत एकनाथ रंगमंदिरापासून थोडं आत गेलं की आमचं घर लागतं. दारात अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, शेवरोले पिकअप उभी असते. १९५१ सालची. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना होता, १९२८ पासून १९५४ पर्यंत. ही त्या काळातली गाडी. अण्णांनी ती १९६८ साली जुनी म्हणून घेतली आणि पुढं कैक वर्षं शेतातली मोसंबी तिच्यातून आणली. आता अण्णा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. गाडी चालवत नाहीत, पण शेजारी बसायला त्यांना अजून आवडतं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना घेऊन पैठणच्या रस्त्याला गेलो. अर्ध्या वाटेत माझं डोकं दुखायला लागलं आणि अण्णा पेंगायला लागले. ऊन असेल म्हणून मी सोडून दिलं. घरी आल्यावर बॉनेट उघडलं, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डला मधोमध बोटभर तडा! इंजिनातला जळका वायू बाहेर नेणारा हा बिडाचा नळ. तिथून निघालेला वायू पेडलच्या भोकांतून केबिनमध्ये येत होता. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराचा वास आला तर माणूस सावध तरी होतो. अण्णा पेंगत होते ते आठवलं आणि माझ्या अंगावर काटा आला.

आता बदलायचं काय? मुलगा म्हणाला, ‘बाबा, हेडर लावू.’ हेडर म्हणजे ओतीव बिडाऐवजी वाकवलेल्या पोलादी नळ्या. एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येऊ नये, हा त्यामागचा विचार. शेवरोलेच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला पुढच्या तिघांचा एक आणि मागच्या तिघांचा एक असे दोन वेगळे पाइप काढायची पद्धत अमेरिकेत जुनी आहे. आवाज घुमतो आणि गाडी मोकळी पळते, हे खरं.

पण आमचं इंजिन २१६ घनइंचाचं, सुमारे नव्वद अश्वशक्तीचं. त्याच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना आजच्यासारखं दाबानं ऑइल मिळत नाही. रॉडच्या खालच्या पळ्या ऑइलमध्ये बुडतात आणि ते वर उडवतात. अशा इंजिनाला जास्त फेरे घ्यायला लावून मिळवायचं काय? शिवाय नळी फार रुंद झाली तर वायूचा वेग पडतो आणि कमी वेगातली ओढ जाते. पातळ पत्र्याची नळी आवाज करते आणि बिडापेक्षा लवकर गंजते ते वेगळंच.

दुसरी अडचण कागदाची. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय झाली आहे. तिच्यात गाडी मूळ रूपात असावी, इंजिनात मोठा फेरबदल नसावा, अशी अट आहे. हेडर हा मोठा फेरबदल की छोटा, यावर वाद घालता येईल. मला तो आरटीओच्या खिडकीपाशी घालायचा नव्हता.

तेव्हा जुनंच मॅनिफोल्ड दुरुस्त करायचं ठरलं. पहिल्या वेल्डरनं घाईत टाका मारला. बीड तापलं, भराभर निवलं आणि टाक्याच्या शेजारीच पुन्हा तडकलं. त्याला दोष काय द्यायचा, घाई मीच केली होती. दुसऱ्या कारागिरानं मात्र आधी अख्खं मॅनिफोल्ड भट्टीत तापवलं, निकेलच्या रॉडनं थोडं थोडं भरलं आणि रात्रभर राखेत पुरून ठेवलं.

मुळात तडा का गेला, हेही त्यानंच दाखवलं. मॅनिफोल्डच्या पोटात एक झडप असते. इंजिन थंड असताना ती गरम वायू कार्बुरेटरच्या खाली वळवते, म्हणजे पेट्रोलची वाफ नीट व्हावी. आमची झडप गंजून बंदच राहिली होती. वर्षानुवर्षं सगळी आग एकाच जागी. ती झडप मोकळी केली नसती, तर नवं मॅनिफोल्डही तडकलं असतं.

मग इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोन्ही भाग एकमेकांना जोडूनच मशीनवर घासून एका पातळीत आणले. बसवताना दोघांमधले बोल्ट थोडे सैल ठेवून आधी हेडचे नट आवळले आणि मग मधले. घट्ट आवळलेलं बीड तापलं की त्याला फुगायला जागा लागते, ती मिळाली नाही तर ते तडकतं. पॅकिंग नवं घातलं. पेडलच्या भोकांना रबरही बसवलं, ते खरं तर आधीच करायला हवं होतं.

गाडी सुरू केली तेव्हा अण्णा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मुलगा थोडा हिरमुसला होता, त्याला तो घुमणारा आवाज हवा होता. अण्णांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, ‘तिसऱ्याचा प्लग बघ रे, चुकतोय.’

प्लग काढून बघितला. खरंच काजळी धरली होती.