न दिसणारा थकवा
(तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणावरून)



मी वैद्य नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि शासनाचा एक माहिती अधिकारी आहे. तरीही एका आजारातील थकव्याविषयी आपल्यापुढे बोलावयास उभा आहे, त्याला कारण घडले. काही वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली एक लिपिक भगिनी काम करीत होत्या. वय तिशीच्या आसपास. सकाळी त्यांनी लिहिलेल्या टिपणात मला काना-मात्राही बदलावी लागत नसे. दुपारी दोननंतर मात्र एकच ओळ त्या तीनतीनदा वाचीत, कधी टेबलावर डोके टेकून बसत. मे महिन्यात तर हे रोजचेच झाले. मी त्यांना कामचुकारपणाबद्दल ज्ञापन दिले. खुलाशात त्यांनी एवढेच लिहिले की, मला झोप येत नाही, अंगातले बळच निघून जाते. तो खुलासा मी असमाधानकारक ठरविला. पुढे त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी मंदावली, तपासण्या झाल्या आणि मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान झाले.

हा आजार फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८६८ मध्ये स्पष्टपणे वर्णन केला. मेंदू आणि मज्जारज्जू यांतील तंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते. विजेच्या तारेवर रबराचे असते तसेच. शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून या आवरणावरच हल्ला करते, आणि मग संदेश रेंगाळतात किंवा वाटेतच थांबतात. आजार संसर्गजन्य नाही. तो बहुधा वीस ते चाळीस या वयात, म्हणजे ऐन कर्तेपणी सुरू होतो आणि स्त्रियांमध्ये पुरुषांच्या दुपटीहून अधिक आढळतो. जगभरात सुमारे २८ लाख लोकांना तो असल्याचा अंदाज २०२० मध्ये करण्यात आला होता. हातापायांतील बधिरपणा, तोल जाणे, दृष्टी मंदावणे ही त्याची लक्षणे लोकांच्या ध्यानी येतात. परंतु दहांपैकी सातआठ रुग्णांना छळणारे लक्षण दिसतच नाही. ते म्हणजे थकवा.

हा थकवा आपल्या नेहमीच्या शिणासारखा नव्हे. दिवसभर नांगर धरलेला माणूस रात्री झोपला की सकाळी ताजा होतो. येथे रात्रीची झोप पुरी होऊनही सकाळीच अंग जड असू शकते. बिघडलेल्या वाटेने संदेश पोहोचविण्यासाठी मेंदूला जादा यातायात करावी लागते, हे त्याचे एक कारण मानले जाते. त्यात उष्णतेची भर पडते. जर्मन नेत्रवैद्य उहथॉफ यांनी १८९० मध्ये नोंदविले की, श्रमानंतर अशा रुग्णांची दृष्टी अंधुक होते आणि विसाव्यानंतर पुन्हा सुधारते. शरीराचे तापमान किंचित वाढले तरी दुर्बळ तंतूंतून संदेश जाईनासा होतो, असे पुढे उमगले. एके काळी तर रुग्णाला गरम पाण्यात बसवून निदान करीत! उष्णतेने आलेला हा त्रास तात्पुरता असतो, त्याने नवी इजा होत नाही, हे रुग्णाला सांगणे आवश्यक आहे. नाहीतर तो भीतीनेच अर्धा होतो.

मग उपाय काय? आपल्याकडे उन्हाळ्यात विहिरीचे पाणी आटते, तेव्हा जाणता शेतकरी सकाळीच सगळा उपसा करीत नाही. थोडे पाणी काढतो, मोटर बंद करतो, झऱ्याला भरू देतो. खडखडाट झाल्यावर थांबणे आणि त्याआधीच थांबणे यांत पुष्कळ अंतर आहे. या रुग्णांसाठी शक्ती राखण्याचे जे सहा आठवड्यांचे प्रशिक्षण १९९५ पासून प्रचारात आले, त्याचे मर्म थोडक्यात हेच आहे. प्रथम एकदोन आठवडे वहीत नोंद ठेवावी की थकवा कोणत्या वेळी व कोणत्या कामाने चढतो. मग जड काम चांगल्या वेळी घ्यावे, मध्ये ठरवून विसावा घ्यावा आणि जे दुसऱ्यावर सोपविता येईल ते सोपवावे. भाकरी उभ्याने न करता स्टुलावर बसून करावी. स्नानाला कोमट पाणी घ्यावे, गळ्याभोवती ओले फडके ठेवावे, बाहेरची कामे उन्हाआधी आटोपावीत. स्वयंपाकघरातील डबे हाताच्या उंचीवर आणणे हीदेखील शुश्रूषाच आहे. घरातील सून आजारी असेल तर तिने दुपारी आडवे होण्याला सासूबाईंची संमती लागते, हे मी आपणास सांगावयास नको.

थकव्यामागे दुसरेही काही दडलेले असू शकते: रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, रात्री वारंवार लघवीला उठल्याने मोडणारी झोप, खिन्नता किंवा स्नायूंचा ताठरपणा घालविण्याच्या औषधांनी येणारी गुंगी. या गोष्टींवर इलाज आहेत. म्हणून डॉक्टरांकडून तपासणी आधी. खास थकव्यासाठी मात्र रामबाण गोळी नाही. अशी तीन प्रचलित औषधे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत निष्क्रिय गोळीहून सरस ठरली नाहीत. उलट, पूर्वी ज्याला मनाई होती तो व्यायाम उपकारक असल्याचे १९९६ च्या एका अभ्यासाने दाखविले. तो बेताचा आणि थंड वेळी करावा, एवढेच पथ्य.

आता आपल्या अधिकारातील गोष्टी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत मल्टिपल स्क्लेरोसिसचा नावानिशी उल्लेख आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास त्या कारणावरून काढता किंवा खालच्या पदावर उतरविता येत नाही, आणि त्यास वाजवी सोयी देणे हे शासकीय कार्यालयाचे कर्तव्य आहे. सोयी म्हणजे फार खर्च नव्हे. तळमजल्यावरील जागा, प्रसाधनगृहाजवळचे टेबल, पंखा, दुपारी पाव तासाचा विसावा. मुख्याध्यापकांनी अशा शिक्षिकेचे अवघड तास सकाळी लावावेत आणि मे महिन्यातील घरोघरच्या सर्वेक्षणातून तिला वगळावे. सरपंचांनी ग्रामसभेत अशा व्यक्तीस उन्हात ताटकळत ठेवू नये. रुग्णांना मार्गदर्शन हवे असल्यास मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून काम करीत आहे. तिचे मुख्यालय मुंबईत आहे.

त्या लिपिक भगिनींची जागा आम्ही जिन्यावरून खाली आणली. मसुदे सकाळी, जुळवणी व नोंदी दुपारी, अशी कामाची फेरमांडणी केली. दीड वाजता त्या पंधरा मिनिटे अभिलेख कक्षात पंख्याखाली स्वस्थ बसतात. त्या वेळी त्यांना कोणी हाक मारीत नाही. त्यांचा आजार गेलेला नाही आणि काही दिवस वाईट जातातच. ज्ञापन मी लेखी मागे घेतले. ते हातात देताना मला काही बोलता आले नाही. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि विचारले, ‘साहेब, सकाळचा मसुदा टेबलावर ठेवला आहे, पाहिलात का?’