चिमुकल्या बँटम कोंबड्यांचा घरचा संसार

पनवेलच्या बाजारात एखाद्या सकाळी तुम्ही गेलात तर टोपलीत गुलाबी, हिरवी, निळी अशी रंगविलेली पिल्ले चिवचिवताना दिसतील. पोरे आईचा पदर ओढतात, दहावीस रुपयांत दोन पिल्ले घरी येतात आणि चौथ्या दिवशी परसात त्यांच्यासाठी खड्डा खणावा लागतो. मग घरातले मोठे माणूस म्हणते, “कोंबड्या आपल्याला लाभत नाहीत.” अहो, लाभण्याचा यात काय संबंध? त्या पिल्लांना ऊब मिळाली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आज मी बोलणार आहे ते या पिल्लांहूनही लहान असलेल्या पिल्लांविषयी, म्हणजे बँटम कोंबड्यांच्या पिल्लांविषयी. अलीकडे पनवेल, उरण, खालापूरकडे पुष्कळ घरांतून ही कोंबडी हौसेने पाळलेली दिसते. शाळामास्तरांनाही मी मुद्दाम यात ओढणार आहे. अंडे उबवून पिल्लू बाहेर येण्याचे एकवीस दिवस हा वर्गात शिकविण्याजोगा फार चांगला धडा आहे.

नावाचे आधी सांगतो. जावा बेटावर बांतेन नावाचे बंदर आहे. १५९६ साली डचांची जहाजे तेथे पोहोचली. युरोपातले खलाशी त्या बंदराला बँटम म्हणत, आणि तिकडून नेलेल्या लहान कोंबड्यांनाही तेच नाव चिकटले. पुढे कोणत्याही देशातल्या चिमुकल्या कोंबडीला बँटम म्हणू लागले. साधारण अर्धा किलोपासून एक किलोपर्यंत तिचे वजन भरते. आपल्या सह्याद्रीच्या रानात जो राखी रानकोंबडा आरवतो, त्याची मादीही जवळजवळ एवढीच असते. म्हणजे बँटमला ठेंगणी म्हणण्यापेक्षा आपल्या गावठीलाच माणसाने थोरली केली, असे म्हटले तरी चालेल!

लहान कोंबडी म्हणजे लहान काम, असा मात्र समज करून घेऊ नका. बँटमचे अंडे तीसेक ग्रॅमचे आणि त्यातून निघणारे पिल्लू वीसेक ग्रॅमचे. गरम चहाची कपबशी आणि गरम पाण्याचा हंडा यांत आधी निवते ते कपातले. पिल्लाचेही तसेच आहे. मोठ्या जातीचे पिल्लू ज्या गारव्यात कसेबसे तग धरते, त्यात बँटमचे पिल्लू तासाभरात मान टाकते. पुढे मी जे काही सांगणार आहे, त्यातले बहुतेक सारे या एका गोष्टीतून निघते.

आता अंडी उबविण्याकडे येऊ. तुमच्या घरी खुडूक बसलेली गावठी कोंबडी असेल तर यंत्राच्या नादी लागू नका. बँटमची मादीही खुडूक बसण्यात मोठी हौशी असते. पण तिच्या अंगाखाली तिची सहासात अंडीच झाकतात. गावठी मात्र बँटमची दहाबारा अंडी सहज सांभाळते. अंडी आठवड्याहून जुनी नसावीत. ती धुऊ नयेत, शीतकपाटात ठेवू नयेत. निमुळते टोक खाली करून थंड कोपऱ्यात ठेवावीत. पाटीत थोडी राख पसरून वर पेंढा घालावा, म्हणजे उवापिसवांचा त्रास कमी होतो. कोंबडी रात्री बसवावी आणि सारी अंडी एकाच वेळी तिच्याखाली सारावीत. आज चार, परवा तीन असे केले तर पहिली पिल्ले निघताच ती उठते आणि मागची अंडी गार पडतात. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका अंडी विषमच ठेवतात, नऊ नाहीतर अकरा. त्याने बिघडत काहीच नाही, तेव्हा त्यावरून घरात वाद घालू नये.

खुडूक कोंबडी दिवसातून एकदा उठून दाणापाणी करते, धुळीत लोळते आणि पंधरावीस मिनिटांत परत येते. तेवढ्या वेळात अंडी थोडी निवतात ते ठीकच आहे. ती उठतच नसेल तर हाताने उचलून खाली ठेवा, नाहीतर ती पाटीतच घाण करील.

कोंबडी नसली म्हणजे मग पेटी आली. थर्माकोलच्या खोक्यात दिवा, पंखा आणि उष्णता राखणारे लहानसे यंत्र बसवून पुष्कळजण ती घरीच करतात. पंखा असेल तर साडेसदतीस अंश सेल्सिअस. पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या पातळीला साडेअडतीसच्या आसपास. चाळीसच्या वर पारा गेला तर घात होतो. त्यामानाने थोडा वेळ गार पडलेले अंडे माफ करते. दोन तास वीज गेली तर घाबरून जाऊ नका. पेटीवर गोधडी टाका, हवेची भोके तेवढी मोकळी राहू द्या. अंडी दिवसातून तीनचार वेळा उलटवावीत. एका बाजूला पेन्सिलीने फुली करून ठेवली म्हणजे घोटाळा होत नाही. अठराव्या दिवसानंतर उलटविणे बंद.

येथे माझीच एक फजिती सांगतो. जुलैचा महिना, बाहेर धो धो पाऊस. कुठेतरी वाचले होते की पेटीत पाण्याची वाटी ठेवावी, म्हणून मी ती नेमाने भरीत होतो. बारा अंड्यांतून तीन पिल्ले निघाली. उरलेली नऊ अंडी फोडून पाहिली तर आत पूर्ण वाढ झालेली पिल्ले, ओलीचिंब, मेलेली. धाकट्या मुलीने विचारले, “दादा, ती आत बुडाली का?” तिचे म्हणणे अगदी बरोबर होते.

असे का झाले, हे मास्तरांनी फळ्यावर मांडावे. अंड्यातले काही पाणी एकवीस दिवसांत कवचातून उडून जावे लागते. तेव्हा कुठे रुंद टोकाकडची हवेची पोकळी वाढते आणि पिल्लाला पहिला श्वास घ्यायला जागा होते. त्यासाठी पेटीतली आर्द्रता पहिले अठरा दिवस पन्नास टक्क्यांच्या आसपास हवी. आता पाहा, पावसाळ्यात पनवेलची हवा अठ्ठावीस अंश उष्ण आणि तिची आर्द्रता नव्वद टक्के. हीच हवा पेटीत जाऊन साडेसदतीस अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता आपोआप पन्नास-बावन्न टक्क्यांवर येते. म्हणजे निसर्गानेच वाटी भरून ठेवलेली! त्यात मी आणखी पाणी ओतले. उलट जानेवारीतल्या पहाटे वीस अंशांची कोरडी हवा पेटीत तापते तेव्हा आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली येते. तेव्हा मात्र वाटी पाहिजेच. पुस्तकातला नियम खोटा नव्हता, तो कोकणातल्या जुलैसाठी लिहिलेला नव्हता एवढेच. शेवटचे तीन दिवस मात्र कोणत्याही ऋतूत ओल वाढवावी, पासष्ट-सत्तर टक्क्यांपर्यंत. त्या वेळी कवचाखालचा पापुद्रा सुकला तर पिल्लू त्यात गुंडाळले जाते.

सातव्या रात्री खोली अंधारी करून अंड्याच्या रुंद टोकाला विजेरी लावावी. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या की समजावे, जीव धरला. मुलांना हे जरूर दाखवा. एरवी हूड असलेली पोरेही त्या वेळी गप्प होतात, हा माझा अनुभव आहे. स्वच्छ दिसणारे अंडे वांझ असते. जपानी जातीच्या आखूड पायांच्या बँटममध्ये एक विशेष आढळते. नर आणि मादी दोघेही आखूड पायांचे असले तर साधारण चौथा हिस्सा गर्भ अंड्यातच मरतात. तो दोष उबवणाऱ्याचा नव्हे, आनुवंशिक आहे. म्हणून अशा जातीत जोडीतले एक लांब पायांचे ठेवतात.

बँटमची पिल्ले पुष्कळदा एकविसाव्या दिवसाची वाट न पाहता एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीच चोच मारतात. कवचाला पहिला तडा गेल्यापासून पिल्लू बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागतात. या वेळी हात आवरावा. दया येऊन कवच सोलणाऱ्यांनी जितकी पिल्ले मारली असतील, तितकी मांजरांनीही मारली नसतील. बाहेर आल्यावर ती वाळू द्यावीत. पोटात शिल्लक असलेल्या बलकावर ती दोन दिवस निभावतात, तेव्हा दाण्याची घाई नाही.

आता ऊब. कोंबडी असेल तर ती आणि तिचे डालगे, काम संपले. कोंबडी नसेल तर खोक्यात एका बाजूला दिवा टांगावा. पण दिवा कोणता? आजकाल घरोघर एलईडीचे दिवे आले आहेत. ते उजेड पाडतात, ऊब जवळजवळ देतच नाहीत. “रात्रभर दिवा चालू होता, तरी पिल्ले गारठून मेली,” असे सांगणारे लोक मला भेटतात, त्यांचे येथेच चुकते. तारेचा जुना पिवळा दिवा, साठ वॅटचा, नाहीतर उष्णतेसाठीच मिळणारा दिवा वापरावा. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली पस्तीस अंश, पुढे दर आठवड्याला तीनतीन अंश कमी. खरे तर पिल्लेच तुम्हाला सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढून केविलवाणी ओरडू लागली तर त्यांना गारवा लागतो आहे. चोची उघड्या टाकून कडेला पळाली तर उष्मा होतो आहे. खोकेभर पसरून हळू चिवचिवत असली की तुम्ही खुशाल झोपा.

खाली नुसते वर्तमानपत्र घालू नका. त्यावरून पाय घसरून ते फाकतात आणि पिल्लू जन्माचे लंगडे होते. भाताचे तूस पसरून पहिले चार दिवस वर गोणपाट अंथरावे. पाण्याची ताटली उथळ असावी आणि तिच्यात गोटे ठेवावेत. बँटमचे पिल्लू आमटीच्या वाटीतही बुडते! खाण्याला नुसती कणी पुरत नाही. पिल्लांचे तयार खाद्य मिळते, ते आणखी बारीक करून घालावे. वारुळातली वाळवी आणून घालण्याची आपली जुनी रीत आहे, ती उत्तम. शेपटीखाली विष्ठा चिकटून वाट बंद झाली असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसून घ्यावी.

दीडदोन महिन्यांनी खुराड्याची पाळी. दर पक्ष्यामागे दोन चौरस फूट जागा पुरे. खुराडे जमिनीपासून दोन फूट उंच, खांबांवर. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, म्हणून ती आणि पश्चिमेची बाजू बंद, जाळी पूर्वेला, आणि छपराची वळचण चांगली दोन-अडीच फूट पुढे काढलेली असावी. जाळी अर्ध्या इंचाचीच घ्या. नेहमीच्या मोठ्या भोकाच्या जाळीतून पिल्लू बाहेर जाते, आणि मुंगसाची मान व साप आत येतात. घूस जमिनीखालून येते, तिच्यासाठी खांबांना पत्र्याची वाटोळी टोपी बसवावी. वरची बाजूही झाकून घ्या. एकतर घार, आणि दुसरे म्हणजे बँटम छान उडते. शेजारच्या गच्चीवर जाऊन बसली तर तुम्हालाच शिडी शोधावी लागेल.

पावसाळ्यात लोक खुराड्याला चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळतात. पाणी बाहेर राहते खरे, पण विष्ठेचा उग्र वास आत कोंडतो, डोळे चुरचुरतात, कोंबड्या शिंकू लागतात. छपराखाली वीतभर मोकळी फट ठेवा. ओले झालेले तूस काढून टाका आणि नव्यात थोडा चुना मिसळा. ओल्या तुसातच रक्ती हगवण वाढते.

रोगांत पहिला शत्रू म्हणजे मानमोडी. कुमाऊंतल्या राणीखेत गावावरून आपल्या देशात तिला राणीखेत हे नाव पडले. या रोगाची अगदी पहिली नोंद १९२६ सालची, आणि तीही जावा बेटावरची. बँटमला नाव मिळाले त्याच बेटावरची! पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात लशीचा थेंब आणि सहा-आठ आठवड्यांनी टोचणी. कुपी बहुधा शंभर पक्ष्यांची असते, आणि तुमच्याकडे पिल्ले सात. म्हणून वाडीतल्या चारपाच घरांनी एकच दिवस ठरवून गावठी, बँटम साऱ्यांना एकदम लस द्यावी. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून ठेवा, आणि लस बर्फातूनच आणा.

आता अवघड गोष्ट सांगतो. बर्ड फ्लू आपल्या देशात प्रथम सापडला तो २००६ च्या फेब्रुवारीत, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. तेव्हा ते आपल्याला दूरचे वाटले. पण २०२५ च्या जानेवारीत तो पनवेलशेजारच्या उरण तालुक्यात, चिरनेरला निघाला; १९३० च्या जंगल सत्याग्रहाचे तेच चिरनेर. अशा वेळी रोगाच्या ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतले सारे पाळीव पक्षी नष्ट करतात. त्यात पोल्ट्रीतला पक्षी आणि मुलाने नाव ठेवलेली बँटम असा भेद होत नाही. एका घरी मुलाने आपली कोंबडी दप्तरात लपविली तर त्याला रागावणे सोपे आहे, पण आधी त्याला कारण समजावून सांगणारे कोणीतरी हवे. ते काम मास्तर, तुमच्यावाचून कोण करणार? हा रोग क्वचित माणसालाही होतो, आणि लपविलेला एक पक्षी साऱ्या गावाच्या कोंबड्या घालवू शकतो.

म्हणून एकाएकी दोनचार कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, तोंडे सुजली, तर मेलेला पक्षी गाढी नदीत फेकू नका, कुत्र्याला घालू नका आणि घाईघाईने बाजारात नेऊन विकूही नका. उघड्या हाताने शिवू नका, पोरांना दूर ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. बाजारातून नवी कोंबडी आणलीत तर पहिले तीन आठवडे तिला वेगळ्या खुराड्यात ठेवा. तिचे दाणापाणी आपल्या कोंबड्यांचे झाल्यावर करा, आधी नव्हे.

एक राहिलेच. दहा पिल्लांत पाच तरी नर निघतात, आणि बँटमचा कोंबडा आकाराच्या मानाने फारच मोठ्याने आरवतो, तोही पहाटे चारला. शेजाऱ्यांशी बोलणे अंडी ठेवण्यापूर्वी करावे. जास्तीच्या नरांचे काय करायचे तेही घरात आधीच ठरवा. आषाढातल्या गटारीच्या आदल्या दिवशी ठरवू गेलात तर मुले जेवायची नाहीत. एक नर ठेवावा, बाकीचे दुसऱ्या वाडीत देऊन त्यांच्याकडचा घ्यावा, म्हणजे भावाबहिणींची जोडी लागून पुढच्या खेपेची अंडी वांझ जात नाहीत.

पहिली खेप बसवायची असेल तर दिवाळीनंतर बसवा. हवा कोरडी असते, पिल्लांना वाढायला सहा महिने मिळतात आणि मृगाचा पाऊस येईपर्यंत त्यांची पिसे पक्की झालेली असतात. पेटीत वाटी मात्र भरलेली ठेवा.